सामनसाठी घेतलेली काठी

जपानला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा ती सुसाट पळणारी गाडी विचारतात. ती मी लांबूनसुद्धा पाहिली नाही. मी तिथे मासा गरवला, त्याचं लिहितोय. ज्याला गाडीचं वाचायचं असेल त्याने दुसरं काही वाचावं.

आमच्या बंदरावरचे हायस्कुलातले मास्तर मागेच लागले होते, की आप्पा, तुम्ही लिहा, इथून तिकडे गेलेलं दुसरं कोण आहे? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी बघितलंय. बाकी एक शब्द त्यांना बदलू दिला नाही, आणि त्यांनी दोनदा विचारून पाहिलं तरी दिला नाही.

ग्योतोकू

माझा महेश कॉम्प्युटरवाला. त्या सालांत कंपन्या आपल्याकडची पोरं टोपलीने उचलून जपानात नेत होत्या, त्यात तोही गेला. त्याचं ऑफिस तोयोसूला. खाडीच्या अगदी काठावर काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्याने मला वर नेऊन दाखवलं. खाली एवढं पाणी, आणि खिडकी उघडत नाही. पाण्याचा वास नाही, आवाज नाही. मी म्हटलं, हे तर भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं झालं. तो हसला नाही.

राहायला ते ग्योतोकूला. तिथे संध्याकाळी स्टेशनाबाहेर आपली माणसं इतकी दिसतात, की एकदा एक बाई जवळून जाताना फोनवर म्हणाली, "अगं, कढीपत्ता संपला," आणि मी उगाचच मागे वळून पाहिलं. नात सई तेव्हा पाच वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि सून अनघा मधे उभी राहून आजोबाचं नातीला नि नातीचं आजोबाला सांगायची. अनघा ठाण्याची. बोलायला सडेतोड, पण माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही तिने.

मासा रोज मिळायचा. त्यांचा साबा म्हणजे साधारण आपला बांगडा, जरा जास्त तेलकट. अनघा त्याचं तिखलं करायची, कोकम महेशच्या मित्राने आणलेलं. पण माशाची डोकी नि काटे तिथे केव्हाही फेकता येत नाहीत. ओल्या कचऱ्याचे वार ठरलेले. तोपर्यंत ती पिशवीत बांधून बर्फाच्या कपाटात ठेवायची. आमच्याकडे डोकं मांजराला जातं नाहीतर कावळ्याला. तिथे आइस्क्रीम काढायला कपाट उघडलं, की बांगड्याचं डोकं आपल्याकडे बघतंय.

मला महेशने बोलावलं ते नातीला बघायला. तसं तो म्हणाला. खरं कारण मला ठाऊक होतं. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं, आणि शिमग्यानंतर एकदा मी एकटा गरवायला गेलो असताना होडीतून पडलो. पडलो म्हणजे काय, उठून उभा राहिलो आणि पाणी वर आलं, एवढंच आठवतं. शेजारच्या होडीवाल्यांनी काढलं. बातमी बंदरातच राहिली असती, पण कुणीतरी शहाण्याने जपानला फोन केला.

एके रात्री जेवताना महेशने विषय काढला. ताटावरून मान वर केली नाही.

"आप्पा, होडीला गिऱ्हाईक आहे."

"विकायची आहे असं कुणी सांगितलं?"

"तुम्ही पडलात."

"पडलो. बुडालो नाही."

"पुढच्या वेळी बुडाल."

"मग पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी बघायला तुम्ही नसाल, मी असेन," तो म्हणाला. "इथून विमान पकडून यायचं मला. आणि येऊन काय बघायचं, ते तुम्ही सांगा."

अनघा म्हणाली, "महेश, घास तरी गिळू दे त्यांना."

ती होडी म्हणजे काही मोठी नाही. लाकडी, बाजूला तोल धरणारी उलांडी बांधलेली, एका माणसाने वल्हवायची. तिच्यावर गरवून मी महेशला शिकवला, त्याच्या आईचं औषधपाणी केलं, पण ते मी त्याला ऐकवलं नाही. होडी गेली तर मी सकाळी उठून कुठे जायचं, हे त्याला विचारायचं होतं. तेही विचारलं नाही. त्याने कळव्याला घेऊन ठेवलेल्या फ्लॅटचं नाव काढलं असतं.

त्याच सुमारास महेशच्या ऑफिसातले ओनो-सान घरी चहाला आले. पन्नाशीचा शांत माणूस. त्यांचं गाव वर उत्तरेला, होक्काइदोच्या ओखोत्स्क समुद्रावर. शरद ऋतूत सामन मासा नदीत चढायला किनाऱ्याशी येतो, तेव्हा लोक वाळूत उभे राहून गरवतात, हे त्यांनी सांगितलं. नदीत शिरला की त्याला हात लावायचा नाही, कायदा आहे. समुद्रात आहे तोपर्यंतच. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत सामन म्हणतात, पण हा मासा वेगळा, ताकदीने मोठा. महेशने त्यांना माझं सांगितलं असणार, कारण ते म्हणाले, वडिलांना घेऊन या.

ते गेल्यावर मी महेशला म्हटलं, "तो मासा मी काढून दाखवतो. एकट्याने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुणी हात लावायचा नाही?"

"कुणी लावायचा नाही."

"ठीक. मासा वाळूवर आला, तर होडीचं नाव मी तोंडातून काढणार नाही. कधीच नाही. आणि नाही आला तर त्या गिऱ्हाइकाला होय म्हणून सांगायचं."

"चालेल."

"शब्द?"

"माझा शब्द कधी फिरलाय?"

"माझाही फिरणार नाही," तो म्हणाला.

अनघाने सईचं ताट उचललं. "काय हे बापलेक! मासा आला काय नि गेला काय, त्या होडीला कळणार आहे का?" पण आमच्या दोघांचं ठरलं होतं. पोरगा माझाच आहे. ठरलं म्हणजे ठरलं.

दुकान

होक्काइदोला विमानातून उतरलो तर भाताची काडी नाही. लांबच्या लांब बटाट्याची नि बिटाची शेतं, सपाट, आणि वर राखेसारखं आभाळ. ओनो-सानांनी गाडी चालवली. थंडी म्हणजे, महेशचा जाड कोट घालूनसुद्धा कोपरं अंगाला चिकटवून बसलो होतो. वाटेत एका पाटीवर अस्वलाचं चित्र होतं. मी महेशकरवी विचारलं, इथे सर्कस येते का? ओनो-सान म्हणाले, नाही, अस्वलच येतं. तेही सामनसाठीच.

गावात एक गरवण्याच्या सामानाचं दुकान होतं. अशी दुकानं इथल्या लोकांनी पाहिलेली नाहीत म्हणून सांगतो. आपल्याकडे गळ, शिसं नि गरवायचा नायलॉनी तंगूस किराणाच्या दुकानात खिळ्यांच्या बरणीशेजारी मिळतो. तिथे भिंतभर काठ्या, एखाद्या देवळात निशाणं उभी करावीत तशा. एक अख्खी रांग मुडदुशीच्या काठ्यांची. वीतभर मुडदुशीला एवढाली काठी! तिकडे दक्षिणेला लोक वाळूवरून मुडदुशी गरवतात म्हणे. मला हसू आलं, आणि दुकानात मी हसलो तो तेवढाच.

दुकानदार बुटका, गोल, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि बडबड्या. त्याने एका दमात चार प्रश्न विचारले. ओनो-सान उत्तरं देत होते आणि महेश मला मराठीत सांगत होता. वाळूवरून टाकणार की दगडावरून? लाटा किती? आमिषाने की चमच्याने? चमचा म्हणजे पत्र्याचा चकचकीत तुकडा. त्याला गळ, गळाला माशाची पट्टी, आणि वर तरंगणारं बोंडूक. ते लांब फेकायचं आणि हळूहळू ओढत आणायचं. शेवटचा प्रश्न, धरणार कोण?

"मी," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्याला कळलं.

त्याने माझे खांदे पाहिले, मग एक काठी काढली. माझ्या दुप्पट उंचीपेक्षा थोडी कमी. टोक महेशच्या हातात दिलं आणि ओढायला सांगितलं. काठी मुठीपर्यंत वाकली, अगदी हिरव्या फोकासारखी. "माशाने ओढलं की काठी वाकते, त्याचा दम काठी खाते, तुमचा हात खात नाही," असं म्हणणं त्याचं. मला ते पटलं नाही. वाकणारी काठी धरायची, तर मासा काय करतोय ते हाताला कळायचं कसं? मी रांगेतली दुसरी काढली. लांब, जड, ताठ. तिचं टोक ओढलं तर जेमतेम मान हलवली तिने. ही काठी.

"आप्पा, ती शिशाचं जड वजन लांब फेकायची आहे," महेश म्हणाला. "तळाशी आमिष टाकून काठी वाळूत रोवून ठेवणाऱ्यांची. दिवसभर हातात धरायची नाही."

"धरणार कोण?"

तो रिळांच्या फळीकडे वळला.

मग रीळ. रिळाला पुढे एक चकती असते. ती सैल केली की मासा ओढेल तसा दोरा आपोआप सुटत जातो, आवळली की सुटत नाही. दुकानदाराने ती सैल करून दोरा ओढून दाखवला. किर्र आवाज आला. मला तो आवाज आवडला नाही. माशाला दोर द्यावा लागतो हे काय मला शिकवायचं? हातावर गरवणारा माणूस जन्मभर तेच करतो. किती द्यायचा, केव्हा थांबवायचा, हे बोटं ठरवतात. इथे ते एक चकती ठरवणार, आणि मी नुसता दांडा फिरवणार.

"त्याला सांग," मी महेशला म्हटलं, "त्याला मिशी फुटली नव्हती तेव्हापासून मी गरवतोय."

महेशने सांगितलं. दुकानदाराने लगेच कमरेत वाकून नमस्कार केला. खोटा नव्हता. मग त्याने काहीतरी विचारलं, महेशने उत्तर दिलं, त्यावर तो मान हलवत थोडं बोलला आणि फळीवरून एक जाड, पांढऱ्या तंगूसाचं रीळ खाली काढलं.

"काय म्हणाला?"

"काही नाही. हा नायलॉन घ्या म्हणतो."

"आणखी काय म्हणाला?"

"आप्पा, जाऊ द्या ना."

"सांग."

महेश दुसरीकडे बघत म्हणाला, "त्याने विचारलं, काठीने गरवलंय का. मी म्हटलं नाही, हातावर. तर म्हणाला, मग काठीला नवशिकेच की. नवशिक्याने नायलॉनच घ्यावा, तो ताणला जातो, चूक सांभाळून घेतो."

आजवर मला बंदरात कुणी नवशिका म्हटलेलं नाही. बापानेसुद्धा नाही. मी ते पांढरं रीळ बाजूला सारलं. शेजारी दुसरा दोरा होता, विणलेला, शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक. त्याचं टोक घेतलं, दोन्ही मुठींत धरून झटका दिला. तुटला नाही. दाताने ओढला. नाही. आपल्याकडे दोर असाच पारखतात, आणि या दोऱ्याइतका चिवट दोर मी हातात धरला नव्हता.

"हा."

दुकानदार आता बडबडला नाही. तळहात उघडून त्यावरून एक बोट आडवं ओढून दाखवलं. महेश म्हणाला, "हात कापतो म्हणतो. याला हाताने कधी धरायचं नाही."

"दोराने हात कापतो त्याने गरवू नये," मी म्हटलं.

महेशने हे त्याला सांगितलं नाही. बाहेर पडताना दुकानदाराने मला रबराच्या तळव्याचे हातमोजे भेट दिले, दोन्ही हातांनी. ते मी घेतले. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

ओखोत्स्कचा किनारा

रात्री ओनो-सानांच्या आईने जेवायला घातलं. सामनचा रस्सा, त्यात कोबी नि बटाटे. मीठ सोडून काही नाही, मिरी नाही, हळद नाही, तरी चव चांगली लागली. पांढऱ्या भातावर त्या माशाची लाल अंडी, मण्यांसारखी, दातांखाली फुटणारी. आपण गाभोळी तळतो, ते कच्ची खातात. म्हातारी माझ्याच वयाची. माझे हात पाहून ओनो-सानांना काहीतरी म्हणाली. ते म्हणाले, "आई म्हणते, माझ्या नवऱ्याचे हात असेच होते." तो समुद्रात गेला होता, परत आला नाही. हे ऐकून महेशने माझ्याकडे पाहिलं. मी भात खात राहिलो.

उजाडायच्या आधी किनाऱ्यावर गेलो. वाळू काळपट, भरड. पाणी शिशाच्या रंगाचं. आपला समुद्र पहाटे काहीतरी बोलत असतो, हा नुसता आपटत होता. एवढ्या अंधारात तिथे माणसांची रांग उभी होती, हातभर अंतराने नव्हे, पण काठीला काठी लागणार नाही इतक्या बेताची. नव्या माणसाने जागा घ्यायची तर दोन्ही बाजूच्यांना वाकून विचारायचं. ओनो-सानांनी माझ्यासाठी विचारलं. मग आम्हाला जागा मिळाली. सगळ्यांनी सरळ समोर फेकायचं, तिरकं नाही. कारण दोरे एकमेकांत अडकले तर सगळ्यांचीच सकाळ गेली.

माझा पहिलाच फेका तिरका गेला. जड काठी, डावीकडे ओढली गेली, आणि माझा दोरा शेजारच्या दोघांच्या दोऱ्यांवर पडला. आमच्याकडे एव्हाना आईबहीण निघाली असती. तिथला शेजारी काही न बोलता वाळूत बसला, गारठलेल्या बोटांनी सगळा गुंता सोडवला, माझं बोंडूक मला आणून दिलं आणि उलट मलाच वाकून नमस्कार करून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी परत फेकलं. परत तिरकं. तिसऱ्यांदा तो शेजारी आपलं सामान उचलून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला.

दुपारपर्यंत इतरांना चार-पाच मासे लागले, मला एकही नाही. खांदा जळत होता. महेश मागे वाळूत उभा होता, हात खिशात घालून. मधे तो कोंबिनीतून, म्हणजे त्यांच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, डब्यातली गरम कॉफी घेऊन आला.

"ती काठी बदलू या? ओनो-सानांकडे मऊ काठी आहे."

"ठरलंय ना, हात लावायचा नाही."

"काठी बदलणं म्हणजे हात लावणं नव्हे, आप्पा."

"काठी माझी आहे."

"बरं," तो म्हणाला. डबा वाळूत ठेवून गेला.

संध्याकाळी परत जाताना ओनो-सानांनी सांगितलं, की हा मासा किनाऱ्याशी येतो तोवर खाणं सोडत आलेला असतो. पोट आकसतं. नदीत चढायचं, अंडी घालायची नि मरायचं, एवढंच काम राहिलेलं. मग गळ का घेतो? ते म्हणाले, चिडून घेत असेल. आपल्या वाटेत आलेलं काहीतरी चावतो.

दुसऱ्या दिवशी वारा जास्त होता. रांग विरळ झाली होती. ओनो-सानांनी मला हातमोज्यांची आठवण केली. मी घातले, आणि दोन फेक्यांनंतर काढून खिशात ठेवले, कारण मोज्यातून काहीच कळत नव्हतं. जणू दुसऱ्याच्या हाताने गरवतोय. रिळाची चकती ओनो-सानांनी सैल करून दिली होती. तीही मी पूर्ण आवळली. दोरा सोडायची वेळ आली तर मी सोडेन, माझ्या बोटांनी, असा माझा हिशेब होता.

उजेड पुरता आला तेव्हा बोंडूक थांबलं. मग दोनदा थरथरलं. असं काही झालं की लगेच ओढायचं नाही, हे जगातल्या सगळ्या माशांना लागू आहे. मी थांबलो. बोंडूक पाण्याखाली गेलं आणि परत वर आलं नाही. तेव्हा झटका दिला.

काठी ताठ, दोरा ताण न खाणारा, चकती आवळलेली. माशाचा पहिला धक्का सरळ माझ्या खांद्यात आला. मी दोन पावलं पाण्यात ओढला गेलो. काठीत दम खाणारं काही नव्हतंच. मासा परत वळला, दुसरा धक्का आला, आणि मला कळलं की एक तर गळ सुटेल, नाहीतर काठी हातातून जाईल. दोर द्यायला पाहिजे होता.

चकतीकडे माझा हात गेला नाही. मला ती आठवलीसुद्धा नाही. काठी मी उजव्या काखेत आवळली, डाव्या हाताने पुढचा दोरा पकडला आणि तळहाताभोवती एक वेढा घेतला. होडीत मोठा मासा लागला की हेच करतात. मी हजारदा केलंय, माझ्या बापाने केलंय. तंगूस जाड असतो, हातात बसतो, घसरतो, आणि आपण बोटांनी त्याला थोडा थोडा सोडतो.

हा दोरा घसरला नाही. मासा गेला आणि दोरा तळहातात गेला.

दुखलं नाही. थंडीने हात मेलेलेच होते. मला वाटलं, पाणी लागलं. मग तो दोरा लाल होत गेला, बोंडकाच्या दिशेने, आणि मी पाहिलं. मागून महेश ओरडला, "आप्पा, सोडा!" आणि पळत आला.

"लांब हो!"

"हात बघा तुमचा!"

"लांब हो म्हटलं ना! हात लावलास तर याद राख!"

तो थांबला. माझ्यापासून वावभर अंतरावर, घोट्याइतक्या पाण्यात, दोन्ही हात पुढे केलेले. ओनो-सानही धावत आले होते, आणि महेशनेच त्यांना दंडाला धरून अडवलं. त्याचं तोंड मी पाहिलं. लहानपणी गळवाला चीर द्यायची होती तेव्हा त्याला धरून ठेवला होता, तसं झालं होतं ते. पण त्याने शब्द दिला होता, नि तो पाळत होता.

मी तोंड किनाऱ्याकडे केलं, वेढा तसाच ठेवला, दोरा खांद्यावर घेतला आणि चालत सुटलो, होडी ओढतात तसा. लाटेने मासा उचलला, मी ओढला. परत लाट आली, परत ओढला. मग मागे ओझं जड झालं आणि थडथड आवाज आला. मासा वाळूत होता. मादी. माझ्या हाताएवढी लांब, बाजूला जांभळट पट्टे उठू लागलेली. खवल्यांना वाळू चिकटली होती. तोंड उघडत होती, मिटत होती.

"आला ना वाळूत?" मी महेशला विचारलं.

"आला," तो म्हणाला. आणि मग तो माझ्या हाताला भिडला, गळ्यातला मफलर काढून आवळू लागला, आणि आवळता आवळता रडत होता. ओनो-सानांनी दोरा कापला. वेढा मात्र हातातच राहिला. तो मांसात इतका आत गेला होता, की तिथे तो कुणाला दिसत नव्हता.

इस्पितळ

तिथल्या इस्पितळात आवाज नसतो. चपला बाहेर काढून त्यांच्या घालायच्या. एका तरुण डॉक्टराने बराच वेळ हात शिवला. मी बघत होतो. बघू नका, असं नर्सने खुणेने सांगितलं, तरी बघत होतो. महेश शेजारी बसून डॉक्टरचं मराठीत करत होता. ऑफिसात बोलत असेल तसंच, शांत, एकेक वाक्य. मग डॉक्टर एक लांबलचक बोलला आणि महेश थांबला.

"काय म्हणाला?"

"रक्ताच्या नसांचं नाही म्हणत तो. ज्या दोऱ्यांनी बोटं ओढली जातात, त्या तुटल्यात. दोन बोटांच्या. जोडल्यात त्याने."

"मग झालं तर."

"तो म्हणतो, जोडल्या तरी... वय आहे. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. पूर्ण मिटणार नाहीत. मूठ होणार नाही."

मी डॉक्टरला म्हटलं, मराठीतच, "वल्हं धरता येईल?" महेशने ते जपानीत सांगितलंच नाही. डॉक्टर आमच्या दोघांकडे बघत राहिला.

ग्योतोकूला परत आल्यावर अनघा मला घास भरवायला निघाली. मी म्हटलं, उजवा शाबूत आहे. ती आत गेली आणि महेशला तिचं बोलणं मला ऐकू आलं. "तू तिथे उभा राहून बघत होतास? शब्दासाठी?" तो मासा ओनो-सानांनी बर्फात घालून पाठवला होता. अनघाने आपल्या पद्धतीने तिखट-हळद लावून तळला. सईने दोन तुकडे मागून घेतले. महेशने खाल्ला नाही. मी खाल्ला. पकडलेला मासा टाकायचा नसतो.

निघायच्या आदल्या रात्री महेश माझी बॅग भरत होता. मला एका हाताने चेन ओढता येत नव्हती. "होडी तुमची आहे, आप्पा," तो म्हणाला. "त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलंय. मी परत विषय काढणार नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

घरी

कुणी तिकडे वाळूवरून सामन गरवायला जाणार असेल तर त्याने वाकणारी काठी घ्यावी, जाड नायलॉन घ्यावा, चकती सैल ठेवावी आणि मोजे काढू नयेत. दुकानदार नवशिका म्हणाला तर म्हणू द्यावं. मला कुणी विचारलं तर मी एवढं सांगतो. बाकी ती ताठ काठी वाईट होती असं मी अजूनही म्हणणार नाही. ती ज्या कामाची होती त्या कामाला मी ती घेतली नाही.

होडी वर शाकारलेल्या मांडवात आहे. आल्या आल्या मी एकदा ती पाण्यात घातली. डावा हात वल्ह्यावर बसत नाही. दोन बोटं सरळ राहतात आणि वल्हं त्यांच्यामधून निसटतं. चार वल्ही मारली, होडी गोल फिरली. बंदरातली माणसं भली, सगळ्यांनी दुसरीकडे तोंड केलं. मग मीच तिला ओढायला दोघांना हाक मारली.

आता तिच्या फळ्या वाळून फटी पडायला लागल्या आहेत. लाकूड पाण्यात नसलं की असं होतं. कुणी वापरली तर टिकेल. दोघांनी विचारलंही. मी त्यांना उत्तर दिलं नाही. मी स्वतः, माझ्या तोंडाने, ती विकतो म्हणायचं, हे मला जमत नाही. महेशने एकदा म्हटलं असतं, तर मी थोडी आरडाओरड करून हो म्हटलं असतं.

त्याचा दर रविवारी फोन येतो. परवाही आला. हात कसा आहे, गोळ्या घेताय का, सईची शाळा बरी चाललीय, तिकडे बर्फ पडला. सगळं बोलून झालं तेव्हा मी म्हटलं, "यंदा होडी काढली नाही."

तिकडे त्याने दार लोटल्याचा आवाज आला.

"बरं, आप्पा," तो म्हणाला.

"फळ्या वाळतायत तिच्या."

"हं."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. आता तरी विचारेल. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यालाही माझा येत असणार.

"अनघाला देतो हं," तो म्हणाला.